बिराची हिरवी दोरी

बिरा,

स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागलाय. एका कोपऱ्यात बंदूक, दुसऱ्या कोपऱ्यात मोरपीस आणि मधोमध तू. फोटो कुठला घेतलाय सांगू? माझ्या थोरलीच्या लग्नातला. तुझ्या हातात जिलेबी होती. पोरांनी कॉम्प्युटरवर जिलेबी पुसली, पण हात तसाच ठेवला. त्यामुळं तू चिमटीत काहीतरी धरून आख्ख्या परंड्याला दाखवतोयस आणि काय दाखवतोयस ते कुणालाच दिसत नाही.

तेवढं चाललं असतं. पण फोटोखाली दोन ओळी आहेत.

*वैऱ्या, तुझा मी करीन चुरमा,*
*माझ्या डोळ्यांत पेटला सुरमा!*

आणि खाली ठसठशीत अक्षरात, सैनिक कवी हवालदार बिरा.

तू गेल्यापासून मी त्या फ्लेक्ससमोरून मान खाली घालून जात होतो. लोकांना वाटायचं, दोस्त गेला, दुःख आहे. दुःख आहेच. पण मान खाली जायची ती त्या दोन ओळींनी. त्या माझ्या आहेत, हे तुला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. तू गेल्यावर एकट्या मला.

थकलोय रे. माणसं येतात, "कसं झालं हो?" म्हणतात, मी सांगतो. ती उठली की दुसरी येतात, पुन्हा पहिल्यापासून. कुर्डुवाडी-परंडा, परंडा-कुर्डुवाडी, अशी सगळी नोकरी एका रस्त्यावर उभ्यानं काढली, तेव्हा एवढा शिणलो नव्हतो. तू कधी गेलास, कशानं गेलास, मागं कोण कोण आहे, हे सगळं फ्लेक्सवर छापलंय. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. मला तुझ्याशी दोरीबद्दल बोलायचंय. तू असताना बोलायला हवं होतं, पण तू असताना मी काय काय केलं ते तुला ठाऊकच आहे.

तुझा बा आठवतो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचा, तो पावसाच्या तोंडावर वस्तीवर परत. कमरेला काळ्या लोकरीची दोरी. वीस मेंढरांमागं एक गाठ. वाटेत एखादं दगावलं, लांडग्यानं नेलं, तर त्याची निराळी गाठ, एकावर एक अशी दुहेरी. जोडगाठ म्हणायचा तो तिला. मी एकदा शहाणपणा केला होता. "मामा, मेलेल्याची गाठ कशाला? ते तर मोजायचंच नाही." तर म्हणाला, "मोजायचं न्हाय म्हनूनच बांधायची. न्हायतर इसरतं."

आपण तेव्हा आठवीत असू. मी ते ऐकलं आणि कैऱ्या पाडायला गेलो. तू तिथंच बसून राहिलास. पुढं तू फौजेत गेलास, मी एसटीत कंडक्टर झालो, पण खरं तर त्या दिवशीच ठरलं असणार कोण काय होणार ते.

पहिल्या सुट्टीवर आलास तेव्हा माझ्या ओसरीवर बसून तक्रार केलीस. "नामा, वर बर्फात पेन चालत न्हाय. शाई गोठती. छातीशी धरून गरम केलं तरी एक ओळ झाली की दगड." म्हणून मग तू बाची दोरी मागून नेलीस. पहाऱ्यावर उभं राहून ओवी जुळवायची, जुळली की हातमोजा काढून एक गाठ मारायची, पुन्हा हातमोजा. ओवी डोक्यात, गाठ दोरीवर. सुट्टीला आलास की एकेका गाठीवर बोट ठेवून म्हणायचास आणि मी वहीत उतरवायचो. तुझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, माझं चांगलं. दोघांच्या मैत्रीत मी घातलेलं भांडवल एवढंच.

*डोंगर झालं पांढरं,*
*जशी बाची मेंढरं,*
*उठंनात का कोकरं?*
*हाळी दे की.*

ही मी उतरवून घेतली आणि कंडक्टरच्या अधिकारात म्हणालो, "बरी आहे. पण शेवटची ओळ तोकडी पडती."

"थंडीत तेवढंच तोंड उघडतंय, नामा."

त्याच दोरीवर पुढं एक जोडगाठ होती. "हे कोण?" मी विचारलं. "खेचर," तू म्हणालास. "आमचं रॉकेल घेऊन वर यायचं. घसरलं." ती ओवी तू हसत हसत सुरू केलीस आणि दुसऱ्या ओळीवर पाणी प्यायला म्हणून उठलास. वहीत ती अजून अर्धीच आहे.

बाकी तुझ्या ओव्यांचा अर्धा माल मीच पुरवला, हे मात्र कबूल कर. एकदा स्टँडवर मी खाली उतरून एका म्हाताऱ्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतो. भांडता भांडता सवयीनं दारातूनच हात आत घातला आणि घंटीची दोरी दोनदा ओढली. ड्रायव्हर बिचारा आज्ञाधारक. गाडी गेली. मी, म्हातारा आणि तिकिटाची पेटी स्टँडवर. तू सुट्टीवर होतास, पानटपरीशी उभा. संध्याकाळपर्यंत डेपोभर झालं.

*घंटी मारली दोनदा,*
*गाडी निघाली एकदा,*
*नामा राहिला गा सदा*
*स्टँडावरी.*

मी रिटायर झालो त्या दिवशीसुद्धा पोरांनी हीच म्हटली. माझी एकही फजिती तू सोडली नाहीस, बिरा. सासरी गेलो आणि दुसऱ्याच घरात जेवायला बसलो ती, तिकीट तपासनीसालाच तिकीट नाही म्हणून उतरवला ती. सगळ्या गावाच्या तोंडी करून ठेवल्यास. एकच फजिती तू कधी ओवीत घातली नाहीस. कुणाला सांगितलीही नाहीस. तिच्यासाठीच हे लिहितोय.

ती लढाई आली त्या उन्हाळ्यात डेपोच्या कँटीनमधल्या टीव्हीवर डोंगर दिसायचा, धूर दिसायचा. लोक चहा घेऊन बघायचे. मी चहा न घेता बघायचो. तुझं पत्र नाही. तुझी आई रोज दुपारच्या गाडीला वस्तीवरनं चालत फाट्यावर येऊन उभी राहायची. मी दारातूनच हात हलवायचो, न्हाय मामी, आज पण न्हाय. ड्रायव्हरला फाटा आला की गाडी हळू करायची सवय लागली, ती पुढं कितीतरी महिने गेली नाही.

आणि तुळशीची लग्नं झाल्यावर एक दिवस कुर्डुवाडी स्टेशनाबाहेर, भर गर्दीत, तू. काठीला टेकून. मी आपला "बिरा! बिरा!" करत तसाच उभा.

"तिकीट फाड आधी," तू म्हणालास. "मागं लोक खोळंबल्यात."

डाव्या पायाची दोन बोटं वर राहिली होती. अर्धा तू पण वर राहिला होतास, पण ते मला त्या गर्दीत दिसलं नाही. परंड्याला उतरताना तू खिशातून एक हिरवी दोरी काढलीस, फौजेतली, नायलॉनची, चांगली आठ-नऊ हात लांब, आणि माझ्या हातात कोंबलीस. "ही ठिव. उद्या येतो." एवढंच. मागून एक बाई डालग्यानं ढोसत होती, तू उतरलास.

आता माझी अक्कल बघ. तू दर सुट्टीला काहीतरी आणायचास. एकदा कांबळं आणलंस, एकदा टॉर्च, एकदा कँटीनची बाटली. मला वाटलं, ह्या खेपेला दोरी. फौजेतली दोरी म्हणजे हत्ती बांधावा! आनंदच झाला. फक्त एक खटकलं, दोरीला गाठी फार. काळी, लोकरीची असती तर माझ्या टाळक्यात शिरलं असतं. ही हिरवीगार, गुळगुळीत. एवढा शिस्तीचा माणूस आणि दोरी कशी गुंतवून ठेवलीय, असं पुटपुटत मी डेपोतल्या बाकावर बसलो आणि एकेक गाठ सोडली.

नायलॉनची गाठ सहजी सुटत नाही. नखं वापरली, टाचणी वापरली, शेवटी दात. मधूनच एकावर एक दुहेरी गाठी होत्या, त्यांनी तर घाम काढला. ड्रायव्हर म्हणाला, "कशाला मरतोस? काप की." मी बाणेदारपणे म्हणालो, "दोस्तानं दिलीय, कापीन कशी?"

हे वाक्य मला नंतर कितीदा ऐकू आलंय.

त्याच दुपारी एका वऱ्हाडानं रुखवताचं कपाट टपावर चढवलं. कपाटाची दारं उघडझाप करत होती. मी म्हणालो, थांबा, माझ्याकडं फौजी दोरी आहे. मधोमध कपाटाच्या मुठीला गाठ मारली आणि दोन्ही टोकं कपाटाभोवती गुंडाळून खाली खोचली. माझी गाठ तुला माहीत आहे. तीनदा गुंडाळायची, एकदा उलटी, वर भीतीपोटी आणखी एक. डेपोत तिला नामाचा मुटका म्हणायचे. तिच्यात दोष एकच, ती सुटत नाही. मुलीच्या सासरी म्हणे नवरदेवाच्या मामानं तासभर खटपट केली आणि शेवटी कपाटाची मूठच उचकटून काढली, तेव्हा कुठं दोरी मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला दोरी माझ्या हातात परत, मधोमध माझा मुटका जसाच्या तसा.

दुपारी तू आलास. काखेत नवी वही, दोनशे पानी. ओसरीवर बसलास, पाय हातानं उचलून लांब केलास आणि म्हणालास, "दे."

मी ऐटीत दोरी आणली. "बघ, कशी सरळ केली!"

तू ती हातात घेतलीस. एका टोकाकडनं बोटं चालवत निघालास. मी चहाचं सांगायला आत ओरडलो. तुझी बोटं मुटक्यावर येऊन थांबली.

"ही कशाची?"

"कपाटाची," मी म्हणालो.

तू हसलास. म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं. बोटं पुढं चालवलीस, दुसऱ्या टोकापर्यंत. मग "जाऊ दे" म्हणालास, दोरीची गुंडाळी केलीस, खिशात घातलीस आणि उठलास. वही तिथंच. चहा यायचाच होता.

तू फाटकापर्यंत पोचलास तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धावलो. पायात चप्पल एकच.

"बिरा! ती... ती वरची व्हती व्हय?"

तू वळला नाहीस. "कागद खिशात ठिवू नका म्हनले व्हते सायब," एवढं बोललास.

"आन् काळी दोरी?"

"एकाच्या दंडाला बांधली. रगात थांबंना."

आणि काठी टेकत गेलास. मी भर रस्त्यात, एका चपलेवर.

दुसऱ्या कुणी शिव्या दिल्या असत्या. तू दिल्या असत्यास तर मी आज एवढा शिणलो नसतो.

पुढं तू पेन्शनीत आलास, बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसायला लागलास. तिथंही ओव्या केल्यास, म्हशींवर, मॅनेजरच्या पोटावर, भैरवनाथाच्या यात्रेत हरवलेल्या माझ्या नव्या बुटांवर. लढाईवर एक नाही. दर पंधरा ऑगस्टला शाळा तुला बोलवायची आणि तू खेचराची अर्धी ओवी म्हणून खाली बसायचास. पोरं टाळ्या वाजवायची, मोठी माणसं एकमेकांकडं बघायची. मुख्याध्यापक मला म्हणाले, "कंडक्टर, तुमच्या मित्राला जरा वीररसाचं काहीतरी म्हणायला सांगा."

आणि मी, बिरा, मी ते घरी बसून लिहिलं. तुझी एक कविता मी मोडली होती, म्हटलं एक भरून देऊ. सोळा ओळी. चुरमा, सुरमा, गनिमा, काय काय घातलं. कागद तुझ्या हातात दिला आणि गळ घातली. तू व्यासपीठावर पहिल्या दोन ओळी वाचल्यास. थांबलास. कागदाची घडी केलीस, "पुढचं इसरलो" म्हणालास आणि बसलास. माझं नाव घेतलं नाहीस. टाळ्या मात्र अशा पडल्या, अशा पडल्या की त्या दोन ओळीच तुझ्या म्हणून राहिल्या.

घरी येताना विचारलंस, "सुरमा कसा पेटतो रे?"

"काव्यात पेटतो," मी म्हणालो.

"बरं." काठी टेकत चार पावलं गेलास. मग म्हणालास, "तुझ्या कागदावर दोन ओळींत मानूस मरतंय. आमच्या शेजारच्याला आख्खी सकाळ लागली."

मी पेरूचा विषय काढला. पेरू तेव्हा चांगले आले होते.

तरी मी पिच्छा सोडला नाही. येडशीच्या रामलिंगाला गेलो होतो आपण, आठवतं? पायऱ्यांवर बसलो होतो, माकडं फिरत होती.

"पाठ असणार तुला," मी म्हणालो. "गाठी नसल्या म्हणून काय झालं? माझ्या घंटीची बरी पाठ आहे."

"ती हलकी हाय."

"मग जड ती सांग. वही तशीच ठेवलीय मी. कोरी."

"नामा, गाठी तू सोडल्यास. आता मला बोलाया लावू नको."

"म्हणजे आठवतंय तुला!"

"माकड तुजा नारळ नेतंय बघ."

खरंच नेत होतं. मी नारळामागं धावलो. आयुष्यात विचारायचा होता तो एकच प्रश्न मी अर्ध्या नारळासाठी अर्धा सोडला, आणि नारळही मिळाला नाही. परतीच्या गाडीत तू आपण होऊन म्हणालास, "तू गाठी सोडल्यास ते बरं झालं, असं मला एकदा वाटलं. तुझं टाळकं फोडावं असं शंभरदा." मी विचारलं, "एकदा ते कधी?" तू खिडकीबाहेर बघत राहिलास. तुझं उत्तर अजून येणं आहे.

शेवटच्या आठवड्यात मी रोज यायचो. माफ कर म्हणायला यायचो. आणि सांगायचो काय, तर नवीन गाड्यांना घंटीची दोरीच नाही म्हणे, बटण असतं. तू डोळे मिटून ऐकायचास. वाकळेखाली तुझी बोटं हलत असायची. मला वाटलं, जप करतोयस. "काय रे, म्हातारपणी देवभक्त झालास?" मी म्हणालो.

"मोजतोय," तू म्हणालास.

मला वाटलं, दिवस. डोळे भरून आले म्हणून मी उठून बाहेर गेलो. इथंही चुकलोच.

सीना नदीच्या काठावर दहावा झाला. घरी आल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. तुझ्या बायकोला तू ओळखतोस, रडणं असलं तरी काम उरकून रडणार. हातात काहीतरी होतं. "भावजी, हे बघा. त्येंच्या उशाखाली व्हतं. आंथरून टाकायला काढलं तवा दिसलं. कपाळकरंटी म्या, टाकतच व्हते. काय हाय हे?"

हिरवी दोरी. हिरवी कसली, आता मळून काळी पडलेली. आणि बिरा, तिच्यावर गाठी होत्या. ह्या टोकापासून पार त्या टोकाजवळपर्यंत. कालपरवाच्या नव्हेत. हात फिरून फिरून प्रत्येक गाठ चिंचोक्यासारखी गुळगुळीत झालेली. म्हणजे रामलिंगाच्या पायऱ्यांवर तू मला टोलवत होतास तेव्हासुद्धा त्या होत्या. बहुतेक खिशातच होत्या. तू घरी गेलास आणि सगळी कविता पुन्हा बांधलीस, आणि मला सांगितलं नाहीस, कारण मग मी वही घेऊन आलो असतो.

मी खाली बसलो आणि मोजल्या. त्यात जोडगाठी सात. सात माणसं. मला एकाचंही नाव माहीत नाही. त्या सातही जणांना मी डेपोच्या बाकावर बसून दातांनी सोडवलं होतं.

आणि मधोमध माझा मुटका.

तू तो सोडला नव्हतास. नायलॉन होतं, मुटका माझा होता, मान्य. पण बँकेच्या दारात तुला आख्खा दिवस असायचा, आणि तू सोडायचंच म्हटलं असतंस तर सोडला असतास. काप म्हणणाराही कुणीतरी भेटलाच असता. तू त्याच्या अलीकडं तुझ्या गाठी बांधल्यास, पलीकडं बांधल्यास, आणि तो तिथंच ठेवलास. त्यावर आलास की तुझं बोट काय म्हणत असेल? कपाट? की "नामा राहिला गा सदा"? मी उलटसुलट बघितलं. माझी गाठ इतकी वेडीवाकडी की ती साधी म्हणावी की जोड, काही कळत नाही. तू मला जित्यांत धरलंस की मेलेल्यांत, बाबा?

शाळेतली शोकसभा चार दिवसांवर होती. मुख्याध्यापक आता नवीन आहेत, पण मागणी जुनीच. "कंडक्टर, त्यांची लढाईवरची कविता तुमच्याकडंच असणार. तुम्हीच वाचा." खोटं कशाला बोलू, मी ती दोनशे पानी वही काढली. पेन उघडलं. तू नव्हतास, अडवणारं कुणी नव्हतं. 'बर्फ' असा एक शब्द लिहिला आणि त्याला यमक शोधायला लागलो. मग दोरी दिसली आणि पेन मिटलं. एवढी एक चूक करायची राहिली, तेवढी माझ्या नावावर जमा धर.

सभेत उभा राहिलो. म्हणालो, बाहेर फ्लेक्सवर ज्या दोन ओळी आहेत त्या बिराच्या नाहीत, माझ्या आहेत. हशा झाला. फ्लेक्सवाला मागून ओरडला, "काका, मग आधी बोलायचं की! माझ्या तर पाठ झाल्या." मीही हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मग दोरीचं सांगितलं. काही लपवलं नाही. बाक, टाचणी, दात, कपाट. माझी फजिती ऐकायची सवय असलेली माणसं, सुरुवातीला हसायच्या तयारीत बसली होती. मग हसली नाहीत. जोडगाठ म्हणजे काय तेही सांगितलं. म्हणालो, लढाईवरची कविता ही आहे, वाचता मला येत नाही, पण वाचतो. आणि ह्या टोकापासून बोटं चालवत निघालो. तोंडानं काही नाही. गाठीवर थांबायचं, पुढं जायचं. मागच्या बाकावरचे एक जुने फौजी पहिल्या जोडगाठीला उभे राहिले, ते सातवी होईस्तोवर बसले नाहीत. माझ्या मुटक्यावर आलो तेव्हा काय करायचं सुचेना. जरा थांबलो. मग पुढं गेलो.

एवढंच झालं. टाळ्या पडल्या नाहीत. तुला आवडलं असतं.

संध्याकाळी दोरी परत द्यायला तुझ्याकडं गेलो. वहिनींनी ती घेतली, मांडीवर ठेवली, बोटानं चाचपत टोकापर्यंत आल्या.

"भावजी, हिकडं वीतभर मोकळी हाय की."

मी बघितलं होतं. बोललो नव्हतो.

"बांधा," त्या म्हणाल्या. "जोडगाठ. सासऱ्यांची रीत हाय. न्हायतर इसरतं."

"वहिनी, मला गाठ येत नाही. सगळा डेपो साक्षीला आहे."

"ठाव हाय. बांधा."

मी बांधली. तीनदा गुंडाळली, एकदा उलटी, वर आणखी एक. जोडगाठ कसली, जांभळाएवढा गोळा झाला. वहिनींनी तो दोन्ही बाजूंनी ओढून बघितला.

"सुटायची न्हाय न्हवं?"

"न्हाय वहिनी," मी म्हणालो. "माझी सुटत न्हाय."